वाळवंटातले ऊन आणि आपली सावली



उन्हाची गोष्ट निघाली, की आपण पहिला प्रश्न विचारतो, "पारा किती चढला?" राजस्थानातील फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला, तेव्हा ती बातमी गावोगाव पोचली. पण उन्हात आणखी एक गोष्ट असते. तिची नोंद पारा घेत नाही आणि आपल्या कातडीलाही ती त्या वेळी कळत नाही. तिच्याविषयी आज थोडे बोलणार आहे. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मी भूगोल शिकवतो. काही वर्षांपूर्वी मार्चच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांना घेऊन जैसलमेरला गेलो होतो. संध्याकाळी गर्दी होते म्हणून आम्ही सकाळी अकरालाच वाळूच्या टेकड्यांवर गेलो. वारा गार होता. मुलांनी टोप्या पिशवीत ठेवल्या, मीही काही बोललो नाही. आमचा म्हातारा उंटवाला मात्र डोळ्यांपर्यंत साफा गुंडाळून बसला होता. "एवढी थंड हवा, मग हे कशाला?" असे मी विचारले. तो हसला आणि वर बोट दाखवून म्हणाला, "हवा थंड आहे, तो नाही."

रात्री त्याचे म्हणणे पटले. मुलांची नाके आणि माना भाजल्यासारख्या झाल्या होत्या. एका मुलीचे डोळे लाल होऊन वाळू गेल्यासारखे खुपत होते. तिला दिवा सहन होईना. दोन दिवसांत ती बरी झाली. पण ज्याने सूर्याचे धडे शिकवायचे, त्यालाच उंटवाल्याने धडा दिला होता.

तो धडा असा. इ. स. १८०० मध्ये हर्शेलने सूर्यप्रकाशाचे सात रंग वेगळे पाडले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवलेला तापमापक चढला. पुढच्याच वर्षी रिटरने जांभळ्याच्या पलीकडे चांदीचा एक क्षार ठेवला, तो झपाट्याने काळा पडला. म्हणजे ऊब वाटते ती एका प्रकारच्या किरणांनी, आणि कातडी व डोळे भाजतात ते दुसऱ्या. या दुसऱ्यांना जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतात. वारा उकाडा कमी करतो. या किरणांना तो अडवू शकत नाही. पातळ ढगांतूनही ते बरेचसे खाली येतात.

वाळवंटात ढग थोडे, झाडे विरळ. खेजडी, म्हणजे आपली शमी, तीही दूरदूर उभी. शिवाय कोरडी वाळू या किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत वर फेकते. त्यामुळे खाली पाहणाऱ्याच्याही डोळ्यांत ऊन जाते. या किरणांचे मोजमाप अतिनील निर्देशांकाने करतात. तीनपासून काळजी घ्यावी, आठ म्हणजे फार तीव्र, अकरा आणि पुढे अतितीव्र. थरच्या वाळवंटात उन्हाळ्यातील निरभ्र दुपारी हा अंक अकरापर्यंत आणि त्याच्या पुढेही जातो.

तुम्ही म्हणाल, हे झाले वाळवंटाचे. आम्ही तर सोलापूर-बीडकडचे. पण जैसलमेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. तिथे सूर्य बरोबर डोक्यावर कधीच येत नाही. सोलापूरला तो वर्षातून दोनदा येतो!

मग खेड्यात हे किरण मोजायचे कशाने? आपल्या सावलीने. सावली आपल्याहून लांब असेल तर किरण सौम्य असतात. आखूड झाली की जपावे. घड्याळापेक्षा ही खूण खरी. बारा वाजले की सूर्य माथ्यावर आला असे आपण समजतो. पण आपल्या घड्याळाप्रमाणे जैसलमेरला तो पाऊणच्या सुमारास माथ्यावर येतो. जैसलमेरला डिसेंबरअखेर भर दुपारीही सावली माणसाहून लांब असते. सोलापूरला त्या दिवसांतही ती किंचित आखूडच भरते.

शिक्षक बंधुभगिनींनो, मीटरभर काठी पटांगणात उभी करा आणि मुलांना तासातासाला सावली मोजू द्या. सावली काठीहून आखूड असेल तेव्हा कवायत आणि खेळ झाडाखाली किंवा सकाळी घ्या. मुलांना सूर्याकडे तोंड करून उभे करू नका. लहान मुलाच्या डोळ्यातील भिंग अधिक स्वच्छ असते, म्हणून हे किरण अधिक आत पोचतात.

सावळ्या कातडीला निसर्गाने थोडे संरक्षण दिले आहे, पण डोळ्यांना ते नाही. वर्षानुवर्षे ऊन खाल्ले की डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांस वाढत येते. मोतीबिंदूची कारणे पुष्कळ. हे ऊन त्यांतले एक आहे.

उपाय महाग नाहीत. गांधी टोपी डोके झाकते. कान, मान, डोळे उघडेच राहतात. त्यापेक्षा फेटा किंवा मुंडासे बरे, आणि त्याचा शेव मानेवर सोडावा. बायकांनी पदर कपाळावर पुढे ओढावा. कापड उजेडासमोर धरून पाहा: आरपार दिसले, तर किरणही आरपार जातात. भिजलेल्या सुती कापडातून ते अधिक जातात. रस्त्यावरचा नुसता काळा चष्मा घेऊ नका. काळोखाने बाहुली मोठी होते आणि काच किरण अडवणारी नसेल तर उलट अपायच होतो.

उन्हाचे वैर धरा असे मी म्हणत नाही. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व याच किरणांनी अंगात तयार होते, आणि त्यासाठी थोडे ऊन पुरते. शेतकऱ्याला तर ते चुकवता येतच नाही. पण खुरपायला बसण्याआधी एकदा जमिनीकडे पाहावे. गार वारा फसवतो, सावली फसवत नाही.