सुट्या भागांचे क्रमांक



अहमदनगरचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें. त्यामुळें पाट्या आणि शिक्के बदलावे लागले. पण तेथील मोटारींवरचा ‘एमएच १६’ हा क्रमांक कोणास बदलावा लागला नाहीं. सोळा या अंकांत नगर हें नांव दडलेलें नव्हतें, एवढेंच त्याचें कारण. कारखान्यांतील सुट्या भागांना क्रमांक कसे द्यावेत, हा आजचा विषय आहे. आणि त्याचें मर्म या साध्या गोष्टींत आहे.

लूना ही छोटी गाडी आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. १९७२ सालीं बाजारांत आलेली ही गाडी कायनेटिक कंपनी नगर येथें तयार करीत असे. गाडी छोटी झाली तरी तिला लागणारे नट, बोल्ट, स्प्रिंगा, दांडे असे कितीतरी भाग असतात. समजा, असे भाग करणारा एखादा लहान कारखानदार नागापूरच्या औद्योगिक वसाहतींत आहे. त्यानें ठरविलें कीं, क्रमांकावरूनच सारें कळावें: आरंभीं गाडीच्या नमुन्याचीं अक्षरें, मग धातूचा अंक, मग माप.

पहिलें वर्ष सुखाचें जातें. पुढें तोच बोल्ट दुसऱ्या नमुन्याच्या गाडीसही चालूं लागतो. जुना क्रमांक ठेवावा तर तो खोटा ठरतो; नवा द्यावा तर एकाच वस्तूस दोन नांवें, दोन खण आणि दोन हिशोब होतात. एका खणांतले बोल्ट संपले म्हणून नवी मागणी जाते, आणि शेजारच्या खणांत तेच बोल्ट गंजत पडलेले असतात. धातूसाठीं एकच अंक राखला असेल, तर अकरावा धातू आला कीं सारी रचनाच कोसळते.

मग क्रमांकानें कांहींच सांगूं नये काय? ग्रंथालयांत याचें उत्तर मिळतें. तेथें पुस्तकाला वर्गांक असतो, तो विषय सांगतो. आणि दाखलअंक असतो, तो केवळ ओळख पटवितो. पुस्तकाचा विषय पुढें निराळा ठरविला तरी दाखलअंक तोच राहतो. कारखान्यांतही भागाला एक निरर्थक, क्रमानें येणारा अंक द्यावा; धातू, माप, नमुना, नकाशा हें सारें त्या अंकासमोर वहींत, अथवा आजच्या काळीं संगणकांत, निरनिराळ्या रकान्यांत लिहावें. रकाना बदलतां येतो, वाढवितां येतो; भागावर ठोकलेला अंक बदलतां येत नाहीं.

दुसरा प्रश्न सुधारणेचा. भागांत बदल झाल्यास क्रमांक बदलावा काय? याची कसोटी सोपी आहे. नवा भाग जुन्याच्या जागीं आणि जुना नव्याच्या जागीं निर्वेधपणें बसून तेंच काम करीत असेल, तर क्रमांक तोच ठेवून केवळ नकाशाची आवृत्ति बदलावी. तसें नसेल तर नवा क्रमांक दिलाच पाहिजे. येथें आळस महागांत पडतो. ऐन गळिताच्या हंगामांत साखर कारखान्यांतील पंप बंद पडावा, आणि कोठारांतून क्रमांक तोच पण न बसणारा भाग हातीं यावा! उसाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबतात, आणि तोडलेला ऊस वजनानें व साखरेनें घटत जातो.

तिसरी गोष्ट बोलण्याची. टेलिफोनवर ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांची गल्लत सहज होते; म्हणून अंक सुटे सुटे उच्चारावेत. इंग्रजी ‘ओ’ हें अक्षर शून्यासारखें आणि ‘आय’ हें एकासारखें दिसतें, तेव्हां तीं टाळावींत. पुस्तकांवरील तेरा अंकी आयएसबीएन क्रमांकांत शेवटचा अंक आधींच्या बारा अंकांवरून गणितानें काढलेला असतो. एक अंक जरी चुकला तरी हिशोब जुळत नाहीं व चूक उघडी पडते. भागांची संख्या मोठी असेल तेथें असा पडताळणीचा अंक अवश्य ठेवावा.

आरंभीं पन्नासच भाग असले तरी पांच अंकांची जागा राखावी. रद्द झालेला क्रमांक पुन्हां दुसऱ्या भागास देऊं नये; कारण जुनी यंत्रें वर्षानुवर्षें चालत राहतात, आणि त्यांचा धनी जुनाच क्रमांक घेऊन दुकानीं येतो. आणि क्रमांक देण्याचें काम एकाच वहींत, एकाच जबाबदार माणसाकडे असावें. एवढें संभाळल्यास दूरच्या तालुक्यांतला कारागीरही कागदावर पांच अंक लिहून पाठवील, आणि त्याला हवा तोच भाग त्याच्या हातीं पडेल.