ध्यान : मात्रा आणि मर्यादा



अस्वस्थ मनाला आज पहिला सल्ला मिळतो तो ध्यानाचा, आणि तो पुष्कळदा हितकारकही ठरतो. परंतु ज्या साधनेत मन पालटण्याचे सामर्थ्य आहे, तिच्यात ते विस्कटण्याचेही सामर्थ्य असणारच. परंपरेला हे ठाऊक होते.

‘हठयोगप्रदीपिके’त योग्य प्राणायाम रोगनाशक, तर अयोग्य अभ्यास रोगकारक मानला आहे, उचकी, दमा, खोकला, मस्तकशूळ अशी यादीच तेथे येते. पाली विनयपिटकातील कथा अधिक गंभीर आहे. वैशालीत देहाच्या अशुचित्वाचे चिंतन करणाऱ्या अनेक भिक्षूंना स्वतःच्या देहाची इतकी घृणा वाटू लागली, की त्यांनी जीवनच संपवले. हे कळताच बुद्धांनी उरलेल्या भिक्षूंना श्वासावरील सजगतेचा, आनापानसतीचा, सौम्य मार्ग सांगितला. साधकांना दोष न देता साधनाच बदलली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

गेल्या शतकातील उदाहरण काश्मीरच्या पंडित गोपी कृष्ण यांचे. १९३७ च्या डिसेंबरात जम्मू येथे ध्यानस्थ असताना त्यांना तीव्र अनुभव आला. त्यानंतर झोप, भूक आणि मनःस्वास्थ्य हरपून त्यांनी दीर्घकाळ यातना सोसल्या. त्या त्यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे नोंदवल्या आहेत.

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोलते. २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के व्यक्तींत अनिष्ट परिणाम आढळले. चिंता आणि नैराश्य त्यांत प्रमुख होते. पूर्वी कोणताही मनोविकार नसलेल्यांनाही असा त्रास होऊ शकतो. २०२२ मध्ये ब्रिटनमधील ८ हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्गात दिलेले सजगतेचे धडे नेहमीच्या शिक्षणापेक्षा सरस ठरले नाहीत. मुळातच मनोविकाराचा धोका असलेल्या मुलांना तर ते फारसे मानवलेही नाहीत.

म्हणून ध्यान त्याज्य ठरत नाही. औषधाप्रमाणे त्यालाही मात्रा आणि जाणकार लागतो, एवढेच. मुलाला शिबिरात धाडण्यापूर्वी पालकांनी विचारावे : बैठक किती तासांची? पूर्वीच्या आजाराची चौकशी होते का? त्रास झाल्यास मध्येच उठून येण्याची मुभा आहे का? झोप उडाली, सभोवतालचे जग खोटे भासू लागले किंवा नसलेले आवाज ऐकू आले, तर साधना थांबवून डॉक्टरांना गाठावे. चालू औषध मात्र त्यांना विचारल्याविना कधीही बंद करू नये.

डोळे मिटून बसण्याआधी ते उघडे ठेवून पाहणे, हाही विवेकच होय.