पोटात गेल्यावर वाढणारा मणी
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, शब्दांकित)



सुट्टीच्या दिवसांत खेळण्यांवर बोला, असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात भातुकली आणि भोवरे असावेत. पण मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. खेळणं हातात आलं की ते कशाचं बनलंय हेच मी आधी बघतो. म्हणून आज पाण्यात टाकल्यावर फुगणाऱ्या रंगीत मण्यांबद्दल बोलतो. कुणी त्यांना जेली बॉल म्हणतं, कुणी मॅजिक बॉल, मुलं ऑर्बीज म्हणतात. जत्रेत मिळतात, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमध्येही येतात. कोरडे असताना मोहरीहून थोडे मोठे. एका लहानशा पाकिटात हजारो.

हा पदार्थ खेळण्यासाठी जन्माला आलेला नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून प्रचंड पाणी धरणारा पदार्थ तयार झाला. त्याच घराण्यातले पदार्थ पुढे डायपरमध्ये गेले. कोरडवाहू शेतीसाठी आपल्याकडे पुसा संस्थेनं काढलेलं हायड्रोजेलही याच तत्त्वावर चालतं. शेतात तो गुणी आहे. अडचण तो पाळण्याजवळ आल्यावर सुरू होते.

या टेबलावर दोन पेले आहेत. दोन्हींत सकाळी एकेक मणी टाकला होता. साध्या पाण्यातला बघा, चांगला बोराएवढा झालाय आणि इतका पारदर्शक, की मागच्या रांगेला पेला रिकामाच वाटेल. मिठाच्या पाण्यातला त्याच्या निम्मासुद्धा नाही. मण्याच्या आत लांबलांब साखळ्या असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. पाणी आत शिरलं की साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात आणि आणखी पाण्याला जागा होते. साखळ्या मध्येमध्ये एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे मणी विरघळत नाही, फक्त फुगतो. बाहेरच्या पाण्यात मीठ असेल तर हे ढकलणं कमी होतं.

आता कुणी चाणाक्ष श्रोता म्हणेल, पोटात क्षार असतातच, मग भीती कसली? पोटात तो पेल्यातल्याइतका फुगत नाही, हे खरं. पण बाळाचं लहान आतडं केवढं असतं! तिथे पेल्यातल्या आकाराची गरजच पडत नाही. आणि हा प्रयोग बघून घरी बाळाला मिठाचं पाणी पाजायला जाऊ नका. त्यानं रक्तातलं सोडियम वाढून जिवावर बेतू शकतं.

लहान मुलांच्या सुरक्षेचा आपला सगळा विचार घशापाशी थांबतो. खेळण्याचा सुटा भाग किती लहान असू नये, हे ठरवायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात जो मावतो तो घशात अडकू शकतो. आपल्या घरांतही हाच हिशोब चालतो: नाणं गिळलं ना, श्वास नीट चाललाय ना, मग केळं खाऊ घाला, उद्या पडेल. नाणं वाटेत वाढत नाही, म्हणून हा हिशोब बहुतेक वेळा जमून जातो. मणी मात्र घशातून सुळकन उतरतो आणि पुढचे कितीतरी तास, कधी दिवसभराहून जास्त वेळ, फुगत राहतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग अरुंद, तिथे तो बुचासारखा बसतो. बाळ दूध घेत नाही, उलट्या करतं, पोट टम्म होतं. घरचे म्हणतात, गॅस झालाय, दात येताहेत. ओवा चोळून होतो, हिंग लावून होतं. यात जातो तो वेळ महाग पडतो.

डॉक्टरांकडे गेल्यावरही तो सहज सापडत नाही. मणी म्हणजे जवळजवळ पाणीच, त्यामुळे एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. दिसतात ती अडथळ्यामुळे फुगलेली आतडी. सोनोग्राफीत दिसतो, पण गोल, काळा, पाण्यानं भरलेल्या गाठीसारखा. माहिती नसेल तर डॉक्टरही गाठच समजतील. कानाची गोष्ट तर याहून विचित्र. मणी कानात गेलाय हे कुणालाच ठाऊक नाही, संसर्ग समजून थेंब दिले जातात, आणि त्या थेंबांनीच मणी फुगतो. अशा एका मुलीचं ऐकू येणं कायमचं कमी झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

हे अपवादानं घडतं असं समजू नका. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजानं २०१६ ते २०२२ या काळात तिथे अशा मण्यांमुळे सुमारे ७,८०० वेळा तातडीच्या विभागात जावं लागलं. जुलै २०२३मध्ये विस्कॉन्सिन राज्यात दहा महिन्यांची एक मुलगी दगावली. सप्टेंबरमध्ये सुमारे ५२,००० संच परत मागवले गेले आणि वर्षअखेरीस अमेझॉन, वॉलमार्ट आणि टार्गेट यांनी मुलांसाठी म्हणून हे मणी विकणं बंद करायचं ठरवलं. आपल्या शेजारी पाकिस्तानातल्या बालशल्यचिकित्सकांनी तर २०१२मध्येच एका तान्ह्या बाळाच्या मृत्यूची नोंद छापून पालकांना सावध केलं होतं.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नियम चांगला आहे. पण तोच मणी फुलदाणीची सजावट किंवा कुंडीतली माती म्हणून विकला, तर त्याला खेळणं कोण म्हणणार? पाकिटावरच्या ‘तीन वर्षांवरील मुलांसाठी’ या ओळीवर तर माझा काडीचा विश्वास नाही. सहा वर्षांची ताई पाकीट फोडते, आणि रांगणारं बाळ त्याच फरशीवर असतं. सांडलेला फुगीर मणी दोनचार दिवसांत वाळून पुन्हा दाण्याएवढा होतो. सोफ्याखाली, फरशीच्या सांध्यात, गालिच्याच्या केसांत जाऊन बसतो. खेळ कधीच विसरला गेलेला असतो, केरसुणीलाही मणी लागत नाही. बाळाच्या चिमटीला मात्र नेमका सापडतो.

तेव्हा घरात रांगतं बाळ असेल तर हे पाकीट उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका. आलंच असेल तर बेसिनमध्ये ओतू नका, मणी पाइपात फुगतील. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका. आणि बाळानं मणी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, केळं भरवायचं नाही, ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. उरलेलं पाकीट बरोबर घ्या आणि तडक रुग्णालय गाठा. ‘काहीतरी गिळलंय’ एवढंच सांगून थांबू नका. ‘पाण्यात फुगणारा मणी आहे, एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफी करून बघा,’ असं स्पष्ट सांगा.