पुंगलीच्या पुलावरची मराठा पलटण



देवळालीच्या तोफांचा सराव चालू असला की आपल्याकडे नाशिकात खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि आपण चहाचा घोट तसाच पुढे चालू ठेवतो. फौज शेजारी असण्याची सवय असलेल्या तुमच्यासारख्या श्रोत्यांपुढे मी रणवाद्यं वाजवणार नाही. निवडक पलटणीतल्या जवानाच्या वाट्याला लढाईत नेमकं काय येतं, एवढंच एका प्रसंगातून पाहू.

पलटण कुठली, तर २ पॅरा. तेव्हा कंसात लिहीत, मराठा. मुळातली ही ३ मराठा. १९५२मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. दुसऱ्या महायुद्धात हीच पलटण इटलीत होती. १० जुलै १९४४ रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधले त्यांच्याखेरीज सगळे मशिनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेडनं गन बंद पाडली, उरलेल्यांतल्या एकाला गोळी घातली आणि काडतुसं बदलायला वेळ नाही म्हणून बाकी दोघांना दस्त्यानं लोळवलं. लपलेल्या नेमबाजाच्या गोळीनं ते तिथेच पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर.

आता १९७१चं भारत-पाक युद्ध. पूर्व पाकिस्तानच्या उत्तरेला जमालपूर आणि मैमनसिंग इथे पाकिस्तानची ९३वी ब्रिगेड होती. ती मागे सरून ढाक्यात शिरली, तर ढाक्याचं संरक्षण बळकट होणार. म्हणून तिच्या वाटेवर, टांगाईलजवळ लोहजंग नदीवरचा पुंगली पूल आधीच ताब्यात घ्यायचा, असं ठरलं. कॅप्टन पी. के. घोष अगोदरच गुपचूप आत गेले होते. कादर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीच्या मदतीनं उतरायची जागा हेरून ठेवली होती. ११ डिसेंबरला दुपार कलताना पॅकेट, डाकोटा आणि एएन-१२ विमानांतून लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांची पलटण खाली सुटली. सोबत तोफखान्याची एक बॅटरीही होती.

आपल्याला वाटतं, उडी हाच पराक्रम. मला तसं वाटत नाही. पॅराशूटची दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली असते. दारातून बाहेर पडलं की छत्री आपली आपण उघडते. आग्र्याच्या शाळेत पाच उड्या मारून 'विंग्ज' छातीवर लावलेल्या गड्याला हे पाठ असतं. खरी परीक्षा पाय जमिनीला लागल्यावर. वाऱ्यानं माणसं पांगली. एका विमानातली तुकडी तर कित्येक किलोमीटर लांब पडली. सामानाची काही गाठोडी तळ्या-डबक्यांत गेली. आपला सेक्शन कुठे, हवालदार कुठे, दारूगोळा कुठे, काही पत्ता नाही आणि दिवस मावळतोय. अशा वेळी साधी पलटण हुकमाची वाट पाहत बसली असती. इथे जो तो मिळेल त्या सोबत्याला घेऊन पुलाच्या दिशेनं चालू लागला. गावकरी धावून आले, डोक्यावर पेट्या घेऊन सोबत निघाले. बंगालीचा गंध नसलेले आपले मराठी जवान आणि मराठीचा गंध नसलेले ते शेतकरी. खाणाखुणांवर काम भागलं असणार.

अंधार पडताना पूल हाती आला. त्या रात्री उत्तरेकडून शत्रूच्या गाड्या आल्या त्या बेसावध. वाटेवर कोणी बसलंय याची त्यांना कल्पनाच नव्हती. नंतर पुलासाठी हल्ल्यांवर हल्ले झाले, पण मोर्चे हलले नाहीत.

गंमत पुढेच आहे. त्याच सुमारास जमालपुरात शत्रूची कोंडी करणाऱ्यांत १ मराठा, म्हणजे आपली 'जंगी पलटण', होती. तिथून निसटलेले पुंगलीला येऊन अडकले. १२ तारखेला जंगी पलटण दक्षिणेकडे उतरत पुलावर पोचली आणि तिची २ पॅराशी गाठ पडली. मागून रेटणारेही मराठे, पुढून अडवणारेही मराठे. ती भेट कशी झाली असेल याची कल्पना मी तुमच्यावरच सोडतो. अशा भेटीत शिव्याही प्रेमाच्याच असतात, हे सातारा-कोल्हापूरकडच्या मंडळींना सांगायला नको.

या सगळ्यात वर्तमानपत्रांचाही हात होता. उतरलेले जेमतेम एका पलटणीएवढे. पण आग्र्याच्या जुन्या ब्रिगेड-सरावाचा फोटो प्रसिद्धीला गेला आणि जगभर बातमी झाली ती हजारोंची. ढाक्यात पाकिस्तानी फौजेचे प्रमुख जनरल नियाझी यांच्यावर या आकड्याचं दडपण आलं. पुलावरच्या जवानाला मात्र आपण किती आहोत हे चांगलं ठाऊक होतं, आणि तरीही रात्रभर त्याला तिथेच बसायचं होतं.

१६ डिसेंबरला ढाक्यात आधी शिरली ती हीच पलटण. मीरपूर पुलावरून आपले जनरल नागरा यांची चिठ्ठी नियाझींकडे गेली, ती नेणाऱ्यांत २ पॅराचे कॅप्टन निर्भय शर्मा होते; पुढे ते अरुणाचलचे राज्यपाल झाले. पन्नूंना महावीर चक्र मिळालं.

तोफांबद्दल मी मुद्दामच कमी बोललो. पुढच्या रांगेत देवळालीची निवृत्त मंडळी दिसताहेत. विमानातून तोफ खाली कशी सोडतात, हे प्रश्नोत्तरांत त्यांच्याकडूनच ऐकू.