सगळ्यांत पुढचा तुकडा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून चौघांनी विचारलं, "तू नक्की करतोस काय रे?" आई शेजारी सांगते, "कॉम्प्युटरवर सूप वाहवतो." खरं तर तेच करतो.

गाजर-बटाट्याचे तुकडे असलेलं सूप पाकिटात भरण्याआधी वाहतं असतानाच तापवतात आणि तसंच गरम ठेवून एका लांब नळीतून नेतात. बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू मरायला तुकड्याच्या गाभ्याला १२१ अंश सेल्सिअसला सुमारे ३ मिनिटं मिळावी लागतात. तापमान वाढवलं की वेळ कमी लागतो. तुकडा दुप्पट जाड असेल, तर उष्णता आत पोचायला चौपट वेळ.

शाळेमागचा पाट आठवतो? मधल्या सुट्टीत आपण पानांच्या शर्यती लावायचो. मधल्या धारेतलं पान पुलाखालून केव्हाच पसार, काठचं गवतात अडकलेलं. नळीत तेच होतं. द्रव दाट आणि प्रवाह संथ असेल, तर मधला वेग सरासरीच्या दुप्पट होऊ शकतो. म्हणजे सरासरी तुकड्याला ६० सेकंद मिळतात म्हणून खूश व्हायचं नाही. एखादा ३० सेकंदांच्या आसपासच बाहेर पडू शकतो. सगळा हिशोब त्या एकासाठी.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या संगणकातला सगळ्यांत वेगवान तुकडा ५२ सेकंदांनी बाहेर आला. मी अहवाल दिला. प्रयोगशाळेतल्या एक बाई (शिक्षण माझ्याहून कमी, अनुभव वीस वर्षांचा) म्हणाल्या, "आपण एकदा रंगवलेले तुकडे सोडून बघू." पारदर्शक नळी, हातात स्टॉपवॉच. एक तुकडा ४१ सेकंदांत आला. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

चूक माझी होती. सगळ्या तुकड्यांची घनता मी एकच धरली होती, तीही द्रवापेक्षा जास्त. त्यामुळे माझे तुकडे तळाला घासत रेंगाळले. खऱ्या तुकड्यांत काही द्रवाइतकेच हलके होते, ते मधल्या धारेत शिरले. शिवाय मी सोडले होते फक्त ४० तुकडे. सगळ्यांत वेगवान १ टक्क्यातला एक तरी सापडावा, अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर २९९ सोडावे लागतात. हे गणित अकरावी-बारावीचं आहे, मी तेव्हा केलेलंही होतं.

एकही पाकीट भरलं गेलं नव्हतं. तरी त्या रात्री झोप लागली नाही. ते विष अन्नात असलं तरी चवीला, वासाला कळेलच असं नाही.

बरं, घाबरून नळी वाटेल तेवढी लांबवावी, तर मागे रेंगाळलेल्या बटाट्याचं पिठलं होतं. त्या दोघांच्या मधली जागा शोधण्यात माझी सतरा वर्षं गेली.

त्या बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांचं स्टॉपवॉच आता माझ्या टेबलावर असतं, अहवालावर सही करण्याआधी मी ते हातात घेतो.

दारातून जेवणाची खूण केव्हाची होते आहे. थांबतो.