मेनफ्रेम : जुने, पण टाकाऊ नव्हे



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ तरुण आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांच्या मुखी 'मेनफ्रेम' हा शब्द आला की तो बहुधा उपहासाने येतो. या उपहासास आधार किती, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी 'सिस्टिम ३६०' हे संगणककुल जाहीर केले. तत्पूर्वी यंत्र बदलले की आज्ञावलीही बहुधा नव्याने लिहावी लागे. या कुलातील लहान यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली मोठ्या यंत्रावरही चालू लागली. तो वारसा अद्याप टिकून आहे. २०२५ साली आलेले 'झेड १७' हे यंत्र त्याच कुलातले होय. तेव्हा नाव जुने असले तरी यंत्र जुने नव्हे.

मोठ्या बँका हे यंत्र का सोडत नाहीत? एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा झाली नाही, तर पतच बुडाली. दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाही तर एकही होऊ नये, हा दंडक इतर संगणकांनाही पाळता येतो. परंतु प्रचंड उलाढालीत, रात्रंदिवस तो पाळण्यासाठीच मेनफ्रेमची घडण झालेली आहे. एखादा प्रोसेसर निकामी झाल्यास राखीव प्रोसेसर त्याची जागा घेतो. काम थांबत नाही. शिवाय अनेक दशकांचे व्यवहाराचे नियम त्या आज्ञावलींत साठलेले असतात. ते नव्याने लिहिताना एक नियम निसटला, तरी भुर्दंड ग्राहकास बसतो.

अर्थात हे यंत्र खर्चिक आहे. नव्या लहान धंद्याने ते घ्यावे, असे आम्ही म्हणणार नाही.

खरी चिंता यंत्राची नसून विद्येची आहे. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. यंत्रे उभी होती; जाणकार मात्र थोडे उरले होते.

आपल्यातील ज्या वडीलधाऱ्यांनी या आज्ञावलींवर हयात घालविली, त्यांनी आपली विद्या निवृत्तीपूर्वी पुढील पिढीच्या हाती द्यावी. आणि तरुणांनी ती कमीपणा न मानता घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.