माशांच्या आधी

(हीरक महोत्सवी वर्षात, २८ फेब्रुवारी रोजी राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त शाळेच्या सभागृहात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मी मराठीची विद्यार्थिनी. विज्ञान दिनी मी बोलावे असा आग्रह झाला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. परंतु या वर्षी विज्ञानाने मला एक धडा दिला आहे आणि तो माझ्या चुकीतून मिळाला आहे. म्हणून तो मीच सांगणे उचित.

गेल्या जूनमध्ये माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काचेची सुरेख टाकी भेट दिली. तिच्यात सुमारे शंभर लिटर पाणी मावते. महोत्सवाचे उद्घाटन चार दिवसांवर आले होते. प्रवेशदालनात मासे पोहताना दिसावेत, ही माझी हौस. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "इतक्यात मासे नकोत, टाकी अजून तयार नाही." मी म्हटले, "पाणी भरले आहे, फिल्टर चालू आहे. आणखी काय तयार व्हायचे?" बारा गोल्डफिश आणले. उद्घाटन थाटात झाले.

पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. सहाव्या दिवशी दोन गेले. पाणी बिघडले असेल म्हणून मी टाकी रिकामी करवली, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुववला, नवे पाणी भरवले. पुन्हा दोन मासे गेले, पुन्हा तीच स्वच्छता झाली. दोन आठवड्यांत आठ मासे मेले. तिसरीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, पाणी तर स्वच्छ होतं. मग मासे कशानं मेले?" मजजवळ उत्तर नव्हते. उरलेले चार मासे विज्ञानाच्या बाईंनी आपल्या घरच्या जुन्या टाकीत नेले, आणि मी त्यांच्याकडून शिकायला बसले.

उत्तर असे आहे. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. नदी-तळ्यात तो पसरून जातो. टाकीत साचतो आणि त्या माशांचेच कल्ले जाळतो. तो पाण्यात दिसत नाही. नितळ पाणी निर्धोक असते, हा माझा समज तिथेच चुकला होता.

या अमोनियाचा निचरा करणारे जीवाणू निसर्गात असतात. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. हेही विषारीच, ते रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते. पाणवनस्पती ते शोषून घेतात आणि उरलेले आठवड्याला थोडे पाणी बदलले की निघून जाते. दोन्ही कामे एकटाच करणारा जीवाणूही असतो, हे तर थेट २०१५ साली उघड झाले. ही मंडळी मोकळ्या पाण्यात फारशी राहत नाहीत. स्पंजच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, जिथून प्राणवायूयुक्त पाणी वाहते तिथे त्यांचा पातळ थर बसतो. फिल्टर म्हणजे गाळणे एवढेच मी समजत होते. खरे तर ते या जीवाणूंचे घर आहे. मी ते घर दोनदा नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुऊन काढले. माझी स्वच्छता हीच माशांच्या मुळावर आली.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनियाच्या जागी नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम थांबले, आणि सुपीक मातीचा अंश घालताच पुन्हा सुरू झाले. हे काम सजीवांचे आहे, हे त्यावरून कळले. त्या वीस दिवसांत काहीच घडत नव्हते काय? घडत होते, दिसत नव्हते.

विरजण लावले की दही एका रात्रीत लागते. हे जीवाणू मात्र संथ. एकाचे दोन व्हायलाच त्यांना दिवसभर किंवा अधिक लागतो. म्हणून नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. विरजण मात्र इथेही चालते. विज्ञानाच्या बाईंनी आपल्या जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा ओलाच आणून आमच्या फिल्टरमध्ये ठेवला. पाणी एक दिवस उघडे ठेवून, क्लोरीन उडून गेल्यावर भरले. मासे नसलेल्या टाकीत आठवीची मुले रोज चिमूटभर खाद्य टाकत. ते कुजून होणारा अमोनिया हेच जीवाणूंचे अन्न. प्रार्थनेनंतर मुले चाचणी संचाने पाणी तपासत आणि आकडे फळ्यावर लिहीत. नवव्या दिवसापर्यंत अमोनिया चढला, सतराव्या दिवशी शून्यावर आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण नायट्राइटच्या चाचणीचा रंग गडद जांभळा होता.

नेमके त्याच दिवशी एक पाहुणे शाळा पाहायला आले. रिकाम्या टाकीपाशी थांबून त्यांनी विचारले, "मासे कुठे आहेत?" मी बोलणार तोच आठवीतला मुलगा म्हणाला, "साहेब, अजून सगळे जीवाणू राहायला आले नाहीत." पाहुणे हसले. जूनमध्ये मला जे धैर्य झाले नव्हते, ते त्या मुलाने सहज दाखवले.

एकतिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले. तेव्हा वाचलेल्या चारांपैकी दोन मासे आणले, आठवड्याने उरलेले दोन. अधिक आणले नाहीत. शंभर लिटरला चार गोल्डफिशही भरपूर होतात. स्पंज आता नळाखाली नाही, टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळला जातो.

मित्रहो, आपली शाळा महाराष्ट्रापासून दूर आहे. पहिलीत येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी आता मराठी क्वचितच बोलली जाते. जूनमध्ये आपण त्यांना वर्गात बसवतो आणि जुलैत चाचणी घेतो. मूल गप्प राहिले की पालक घाबरतात, आपणही घाईने उपाय बदलतो. हे मला आठ मासे गमावल्यावर जाणवले. म्हणून येत्या जूनपासून पहिलीच्या वर्गात पहिले सहा आठवडे परीक्षा नसेल. गोष्टी, गाणी आणि खेळ असतील. आणि विरजण म्हणून चौथीची मुले रोज तासभर त्यांच्यात जाऊन बसतील. पालकांनी या काळात धीर धरावा, एवढी माझी विनंती आहे.

ज्या मुलीने मला प्रश्न विचारला, तिला आज मी उत्तर दिले आहे. उशीर झाला, त्याबद्दल तिची क्षमा मागते.